खोडलेला त्रिकोण

आमच्या विद्येत पुरुष म्हणजे त्रिकोण,
बाई म्हणजे वर्तुळ,
लग्नाच्या दोन समांतर रेघा
आणि मेलेल्यावरून एक तिरकी.
इतकं सोपं.
पेन्सिलीला टोक काढून मी
इग्लूलिकला कानायुकच्या स्वयंपाकघरात बसले होते.
बाहेर उणे चौतीस.
जमिनीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर सीलचं मांस,
म्हातारीच्या मुठीत चंद्रकोरीसारखी सुरी.

तुलुगाक. त्रिकोण. कानायुकचा नवरा.
दहा वर्षांपूर्वी बर्फ फुटला, त्यात गेला.
तिरकी रेघ.
लीटिया. वर्तुळ. त्यांची मुलगी.
तिच्याखाली एक लहान वर्तुळ, वय आठ.
नाव?
तुलुगाक, लीटिया म्हणाली.
नाही, मुलीचं.
तेच सांगतेय.

तेवढ्यात दार आपटून ती आली,
बूट न काढता,
आणि म्हातारी म्हणाली, उइगा.
शब्द त्यांचा होता,
मला ऐकू आलं: अहो, किती उशीर.
लीटिया म्हणाली, बाबा, आधी हात धुवा.
बाबांनी हात धुतले नाहीत.
बाबांचे पुढचे दोन दात पडलेले,
दप्तरात शाळेची चिठ्ठी,
तिच्यावर पालकांची सही हवी होती.

लाडाने म्हणता का, मी विचारलं.
कुणीच हसलं नाही.
लीटियाने मीठ माझ्याकडे सरकवलं.
सातव्या महिन्यात स्वप्नात आला, म्हणाली,
उंबऱ्यात उभा, मिशीला बर्फ,
पाणी मागत होता.
आता तहानलेल्याला
बाहेर कसं ठेवायचं?

मुलगी माझ्या वहीवर ओणवी झाली.
हा कोण?
तुझे आजोबा.
म्हणजे मी.
तिचं बोट तिरक्या रेघेवर थांबलं,
नखाखाली चॉकलेट.
मला का खोडलंस?

रबर होतं माझ्याकडे.
रेघ पुसावी तर बुडालेला माणूस काठावर येतो,
राहू द्यावी तर ही
दोन दात पडलेली, समोर उभी.
मी वही मिटली.
मिटता येते म्हणून.

शनिवारच्या विमानाने आयपिली आला,
आर्क्टिक बेहून, एकोणऐंशीचा,
तुलुगाकचा धाकटा भाऊ.
एकतीस वर्षं दोघे बोलले नव्हते.
पुढच्या कुत्र्यावरून, कुणी म्हणे.
कुणी म्हणे कुत्रं नुसतं निमित्त.
अंगावरचा जाड कोट न काढता
तो सोफ्यापाशी येऊन राहिला.
ती हॉकी बघत होती,
मांडीवर वाटी, वाटीत दूध.

दादा, तो म्हणाला.
दादा, ते कुत्रं मी विकायला नको होतं.

तिने चमचा थांबवला.
म्हातारीकडे पाहिलं.
म्हातारी किटलीकडे पाहत होती.
तिकडे कुणीतरी गोल केला, कुणीच ओरडलं नाही.
नाव काय होतं त्याचं? तिने विचारलं.
त्याने सांगितलं, खाली मान घालून,
जसं घरातल्या गेलेल्या माणसाचं सांगतात.
चांगलं होतं का?
तुझ्यासारखं कुणाचं नव्हतं, दादा.
हं, ती म्हणाली,
आणि पाय जवळ ओढून
सोफ्यावर जागा केली.

तो कोटासकट बसला. रडला की घाम होता, कळलं नाही.
कानायुकने दोन कप ओतले,
एकात पाच चमचे साखर,
तो कप मुलीसमोर ठेवला.
कुणी सांगावं लागलं नाही.

ते पान माझ्याकडे अजून आहे.
निघायच्या आदल्या रात्री
वही उघडी राहिली होती, की मी ठेवली होती.
त्रिकोणाला आता दोन डोळे आहेत, मोठाले बूट आहेत.
रेघ तिने पुसलेली नाही.
वरचं टोक लांबवलंय, त्याला काटा काढलाय,
खालून दोरी सोडलीय थेट कागदाच्या कडेपर्यंत,
आणि मुठीत पकडलाय
तो भाला.